प्रत काढण्याची परवानगी : शेअरवेअर, दोन फ्लॉपी आणि ‘डूम’

१/२०
१० डिसेंबर १९९३. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या मेस्किट येथे ‘आयडी सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीचे थकलेले तरुण एक फाइल पाठवण्याच्या खटपटीत होते. फाइल होती ‘डूम’ या नव्या खेळाच्या पहिल्या भागाची, आणि ती जायची होती विस्कॉन्सिनमधील एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर. पण खेळाची वाट पाहणाऱ्यांनीच सर्व्हरवरच्या साऱ्या जागा अडवून ठेवल्या होत्या. खुद्द खेळ आणणाऱ्याला आत शिरता येईना! व्यवस्थापकाने जागा वाढवल्यावर अखेर फाइल चढली. ज्या खेळावर कंपनीचे भवितव्य अवलंबून होते, त्याचा एक तृतीयांश हिस्सा त्या रात्री फुकट वाटला गेला. आणि त्यासोबत प्रत काढून पुढे देण्याची परवानगीही.

२/२०
ही परवानगी त्या काळी किती वेगळी होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० च्या दशकातील खेळ खोक्यात बंद होऊन विकले जात आणि त्यांची नक्कल होऊ नये म्हणून नाना युक्त्या योजल्या जात. खेळ मधेच थांबून विचारी : पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतला तमुक शब्द कोणता? पुस्तिका जवळ नसेल तर खेळ तिथेच संपला. काही खेळांसोबत कागदी चकत्या येत. त्या फिरवून सांकेतिक अंक शोधावा लागे. ग्राहक हा संभाव्य चोर आहे, असे गृहीत धरूनच ही सारी रचना उभी होती.

३/२०
या गृहीतकाला इतिहास होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ या संगणकाच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी ‘बेसिक’ विकत घेतले आहे, बाकीचे सर्व नकला वापरतात, अशी त्यांची तक्रार होती. ज्याला मोबदला मिळत नाही तो चांगले सॉफ्टवेअर कशाला लिहील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मात्र त्या प्रश्नाला दुसरेही उत्तर असू शकते, हे सहा वर्षांनी कॅलिफोर्नियातील एका माजी वकिलाने दाखवून दिले.

४/२०
अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी १९८२ मध्ये ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्राम लिहिला. मोडेमद्वारे दोन संगणकांचा संवाद घडवणे हे त्याचे काम. तो विकावा कसा, असा विचार करताना त्यांना सार्वजनिक दूरचित्रवाणीची पद्धत आठवली : कार्यक्रम सर्वांनी पाहावा, आवडल्यास वर्गणी द्यावी. त्यांनी प्रोग्राम मुक्तपणे वाटला आणि पसंत पडल्यास २५ डॉलर पाठवा, अशी विनंती त्यातच घातली. नक्कल करणारा आता चोर राहिला नाही. तो बिनपगारी विक्रेता झाला. या पद्धतीला त्यांनी ‘फ्रीवेअर’ असे नाव दिले.

५/२०
त्याच सुमारास सिअ‍ॅटलजवळ राहणारे आयबीएमचे एक कर्मचारी, जिम नॉफ, याच वाटेने निघाले होते. चर्चच्या सभासदांचे पत्ते छापण्यासाठी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामातून त्यांचा माहितीसंच हाताळणारा ‘पीसी-फाइल’ तयार झाला. मागणी इतकी वाढली की नव्या आवृत्त्या पाठवण्याचा खर्चही परवडेना. मग त्यांनी वापरकर्त्यांकडे ऐच्छिक मदत मागितली. या दोघांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या प्रोग्रामचा उल्लेख आपापल्या प्रोग्रामात करायचे ठरवले. हे दोघे प्रतिस्पर्धी होऊ शकले असते. ते सहप्रवासी झाले.

६/२०
तिसरे नाव बॉब वॉलेस यांचे. मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी ते एक. १९८३ मध्ये नोकरी सोडून त्यांनी ‘पीसी-राइट’ हा लेखनाचा प्रोग्राम काढला. त्यातील युक्ती मजेदार होती. नोंदणी करणाऱ्याला स्वतःचा क्रमांक मिळे. त्याने वाटलेल्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केली, तर पहिल्याला २५ डॉलर दलाली मिळे. ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला तो प्रामुख्याने वॉलेस यांच्यामुळे. ‘वाटून घेण्याचे सॉफ्टवेअर’ हा त्याचा सरळ अर्थ होय.

७/२०
या चळवळीच्या आरंभकर्त्याला तिची भरभराट पाहता आली नाही. जुलै १९८५ मध्ये फ्लुगेलमन बेपत्ता झाले. त्यांची मोटार गोल्डन गेट पुलाजवळ आढळली. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. त्यांनी रुजवलेली कल्पना मात्र हातोहात पसरत होती. १९८७ मध्ये शेअरवेअर लिहिणाऱ्यांची स्वतंत्र संघटनाही स्थापन झाली.

८/२०
पण खेळांच्या बाबतीत हे गणित जुळेना. लेखनाचा प्रोग्राम रोज लागतो, त्यामुळे कधीतरी पैसे पाठवावेत असे वाटते. खेळ मात्र एकदा जिंकला की संपतो. संपलेल्या खेळाचे पैसे कोण पाठवणार? टेक्सासमधील गार्लंडच्या स्कॉट मिलर यांनी १९८७ मध्ये ‘क्रोझ’ या खेळमालिकेत यावर तोडगा काढला. पहिला भाग पूर्ण, निर्दोष आणि फुकट. पुढचे भाग हवे असतील तर पैसे पाठवा. कीर्तनकाराने पूर्वरंग रंगवून उत्तररंगासाठी श्रोत्यांना खिळवून ठेवावे, तशी ही रीत होती. त्यांच्या कंपनीचे नाव ‘अ‍ॅपोजी’.

९/२०
मिलर यांच्याच आग्रहावरून लुइझियानातील श्रीवपोर्ट येथील काही तरुणांनी ‘कमांडर कीन’ हा खेळ रचला. जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कार्मॅक हे तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. शनिवार-रविवारी कार्यालयातील संगणक घरी नेऊन ते या खेळाचे काम करीत. १४ डिसेंबर १९९० रोजी खेळ बाहेर पडला आणि पहिल्याच हप्त्यात १०,५०० डॉलरचा धनादेश हाती आला. फेब्रुवारी १९९१ मध्ये आयडी सॉफ्टवेअरची स्थापना झाली. ५ मे १९९२ रोजी ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ आला, आणि त्यानंतर ‘डूम’.

१०/२०
फाइल सर्व्हरवर चढली, तरी ती घरोघरी पोहोचणे ही वेगळीच कथा होती. पहिला भाग दाबून बसवल्यावरही सुमारे सव्वादोन एमबी भरे. आज एखादे छायाचित्र याहून मोठे असते. तेव्हाच्या १४,४०० बिट वेगाच्या मोडेमवर तो उतरायला साधारण अर्धा तास लागे. २,४०० बिटांच्या जुन्या मोडेमवर तीन तासांच्या आसपास, आणि तेवढा वेळ घरचा दूरध्वनी अडकून राही. म्हणून खरा प्रवास झाला तो फ्लॉपीवरून. मित्राकडून मित्राकडे, दुकानातून घराकडे. दुकानदाराने फ्लॉपी विकून चार पैसे मिळवले, तरी आयडी सॉफ्टवेअरची हरकत नव्हती.

११/२०
फ्लॉपी साडेतीन इंचांची, क्षमता १.४४ एमबी. खेळ एका फ्लॉपीत मावत नसल्याने त्याचे दोन तुकडे केलेले असत. ‘इन्स्टॉल’ असे टंकून कळ दाबली की आधी जागा विचारली जाई : हार्ड डिस्कवर खेळ कोठे ठेवायचा? मग ‘डीआइस’ नावाचा एक छोटा प्रोग्राम दोन्ही तुकडे जोडून, ते उलगडून मूळ फाइली तयार करी. मधेच दुसरी फ्लॉपी घालण्याची सूचना येई. त्या दुसऱ्या फ्लॉपीवर एक जरी खराब जागा निघाली, तरी सारा खटाटोप वाया जाई आणि मित्राच्या घरी नवी प्रत आणायला धावावे लागे.

१२/२०
फाइली उतरल्या म्हणजे खेळ सुरू झाला असे नव्हे. तेव्हाच्या बहुतेक संगणकांवर ‘डॉस’ ही प्रणाली होती : काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. आज खेळ आणि यंत्र यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टम उभी असते. चित्र, आवाज, स्मृती यांची व्यवस्था ती पाहते. डॉस यातले फारच थोडे करी. प्रत्येक खेळ यंत्राशी थेट बोले. त्यामुळे आपल्या यंत्रात काय काय आहे, हे खेळाला सांगण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर येई. आणि सांगण्यासाठी आधी ते स्वतःला ठाऊक असावे लागे!

१३/२०
पहिला अडथळा मेमरीचा. १९८१ च्या आयबीएम पीसीतील प्रोसेसर एकूण १ एमबी मेमरीपर्यंतच पोहोचू शके. त्यातील वरचा ३८४ केबीचा पट्टा पडदा आणि अन्य उपकरणांसाठी राखून ठेवला गेला. प्रोग्रामांना उरले ६४० केबी. पुढे यंत्रे कितीतरी मोठी झाली, पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ही कुंपणरेषा तशीच राहिली. माउस, सीडी, ध्वनी अशा प्रत्येक उपकरणाचा चालक-प्रोग्राम याच ६४० केबीत येऊन बसे. वुल्फेनस्टाइनला त्यातले पाचशेहून अधिक केबी मोकळे लागत. म्हणून ‘कॉन्फिग’ आणि ‘ऑटोएक्झेक’ या दोन फाइली उघडून, एकेक ओळ हलवून, जागा करून द्यावी लागे.

१४/२०
‘डूम’ने ही रेषा ओलांडली. ‘डॉस फोर-जीडब्ल्यू’ नावाच्या मध्यस्थ प्रोग्रामाच्या आधारे तो ६४० केबीपलीकडची सारी मेमरी सलग वापरी. पण त्यासाठी ३८६ किंवा त्याहून वरचा प्रोसेसर आणि किमान ४ एमबी मेमरी हवी असे. ज्याच्याकडे नेमकी ४ एमबीच होती, त्याची कसोटी लागे. हार्ड डिस्कचा वेग वाढवणारा ‘स्मार्टड्राइव्ह’सारखा प्रोग्राम पार्श्वभूमीला चालू असला, की खेळ मेमरी अपुरी असल्याचे सांगून बंद पडे. उपाय : फक्त त्या खेळासाठी वेगळी ‘बूट फ्लॉपी’ बनवणे, ज्यातून यंत्र अत्यावश्यक गोष्टींनिशीच सुरू होईल.

१५/२०
दुसरा अडथळा आवाजाचा. पीसीला जन्मतः मिळालेला स्पीकर केवळ टूंऽ टूंऽ करू शके. संगीत ऐकायचे तर वेगळे साउंड कार्ड बसवावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये आणलेले ‘साउंड ब्लास्टर’ त्यात सर्वांत लोकप्रिय ठरले. या कार्डाशी बोलण्यासाठी तीन आकडे अचूक लागत : पोर्टचा पत्ता, बहुधा २२०, इंटरप्ट म्हणजे आयआरक्यू, ५ किंवा ७, आणि डीएमए मार्गिका, बहुधा १. आयआरक्यू ७ हा प्रिंटरच्या पोर्टचाही क्रमांक होता. दोघांनी एकच क्रमांक धरला की तंटा होई. मग संगणकाचे झाकण उघडून कार्डावरची ‘जंपर’ नावाची इवलीशी टोपी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर सरकवावी लागे.

१६/२०
हे आकडे ‘डूम’ला सांगण्यासाठी ‘सेटअप’ हा स्वतंत्र प्रोग्राम होता. संगीत कोणत्या कार्डावर, गोळीबाराचे आवाज कोणत्या कार्डावर, एका वेळी किती आवाज मिसळायचे, कीबोर्ड की माउस की जॉयस्टिक, अशी एकेक निवड करत जायची. आकडा चुकला तर बहुधा संतापजनक शांतता पसरे. कधी यंत्र जागीच गोठे. पुन्हा सुरू करा, पुन्हा आकडा बदला. असंख्य मुलांना ‘इंटरप्ट’ म्हणजे काय याचा पहिला धडा पाठ्यपुस्तकातून मिळाला नाही. तो या शांततेतून मिळाला. खेळायचे तर यंत्र जाणून घेणे भाग होते.

१७/२०
आणि मग ती घटका येई. पडद्यावर एकामागून एक ओळी सरकत, त्यातल्या एका ओळीत ठिपक्यांची रांग हळूहळू लांबत जाई आणि अचानक संगीत सुरू होई. पहिल्या भागात नऊ पातळ्या होत्या, त्यांतली एक गुप्त. पण शेवटाला खरी विक्रेत्याची बुद्धी होती : दोन बलाढ्य राक्षसांना हरवून विजयी वीर पुढच्या दारात पाऊल टाकतो, तो थेट अंधारात, शत्रूंच्या घोळक्यात! पुढे काय झाले? ते उरलेल्या दोन भागांत, अठरा पातळ्यांत. किंमत ४० डॉलर. डॉसकडे परतताना मागणी नोंदवण्याची माहिती पडद्यावर येई.

१८/२०
भारतात हा पूर्वरंगच अनेकांसाठी संपूर्ण खेळ होता. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे ‘डूम’नंतर वीस महिन्यांनी. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ, असे खेळ मुंबई-पुण्याच्या घरांत पोहोचत ते फ्लॉपीवरून आणि पुढे संगणक-मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवरून. १९७३ चा विदेशी चलनविषयक कायदा १ जून २००० पर्यंत लागू होता. शाळकरी मुलाने अमेरिकेला ४० डॉलर पाठवणे ही सोपी गोष्ट नव्हती. विश्वासावर उभी असलेली ही रीत सीमेपलीकडे अशी अडखळे : प्रत पोहोचे, पण तिचा मोबदला परत जाण्याची वाट फार अरुंद असे.

१९/२०
परवानगीचे मोल पुढे दिसून आले. खोक्यातील असंख्य खेळ त्यांच्या कंपन्यांसोबत दिसेनासे झाले. फ्लॉपीवरील चुंबकीय थर झिजतो आणि कुलूपबंद प्रतीची नक्कल ठेवणाऱ्याला कायद्याची भीती वाटते. शेअरवेअरला सहसा एकच अट असे : संच जसाच्या तसा, काहीही न वगळता पुढे द्यावा. त्यामुळे अगणित लोक नकळत त्याचे जतन करत राहिले. २३ डिसेंबर १९९७ रोजी आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा मूळ सोर्स कोडही खुला केला. त्यात डॉस आवृत्तीतील ध्वनीचा भाग मात्र नव्हता, कारण तो दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला होता. ज्याची परवानगी होती ते जगासमोर आले. ज्याची नव्हती ते कुलपाआड राहिले.

२०/२०
२००२ मध्ये ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्राम आला. आजच्या यंत्रात तो जुन्या यंत्राचा आभास उभा करतो. २०१५ च्या जानेवारीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने डॉसवरील हजारो खेळ ब्राउझरमध्येच खेळण्याची सोय केली, तिथे ना फ्लॉपी, ना झाकण उघडणे. तरीही डॉसबॉक्सची सेटिंग्जची फाइल उघडली, तर आत तेच आकडे सापडतात : पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. कार्ड नाही, खुंटी नाही, जंपर नाही. पण जुना खेळ अजूनही त्याच पत्त्यावर हाक मारतो, म्हणून तो पत्ता जपावा लागतो. इतिहासाची साधने बहुधा राजाज्ञेने टिकतात असे मानले जाते. या दोन फ्लॉपी टिकल्या त्या एका साध्या मुभेमुळे : आवडले तर प्रत काढा आणि दुसऱ्याला द्या.